वाद्य, बिदागी आणि सचोटी : बास गिटारवादकांच्या बोलण्याचा एक विचार

कलावंताने स्वतःच्या कलेविषयी काढलेले उद्गार हे समीक्षेचे साधन समजावे की समीक्षेचा विषय, या प्रश्नाची वाङ्मयाच्या क्षेत्रात पुष्कळ चर्चा झाली आहे. संगीताच्या क्षेत्रात तो तितक्या नेटाने मांडला गेलेला नाही. गायकांची आत्मवृत्ते आवडीने वाचली जातात, त्यांतील आख्यायिकांची थोडीफार छाननीही होते. पण जो वादक मंचाच्या मागल्या अंगाला उभा राहतो आणि ज्याचे वादन थांबले तरच श्रोत्याला ते आतापर्यंत चालू होते हे कळते, त्याच्या बोलण्याला कोणी संहितेची प्रतिष्ठा देत नाही. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील बास गिटारवादक हा या जातीचा वादक होय. तो खर्ज सांभाळतो. ताल आणि स्वरमेळ यांची गाठ त्याच्या हातात असते. परंतु श्रोत्यांचे कान गाणाऱ्याकडे आणि डोळेही बहुधा तिकडेच लागलेले असतात.

या वादकांच्या मुलाखती, आठवणी, शिकवणीच्या ध्वनिचित्रफिती आणि आपसांतील संभाषणे आता बऱ्याच प्रमाणात मुद्रित व ध्वनिमुद्रित रूपात उपलब्ध आहेत. ती वाचू लागले, की प्रथम निराशाच पदरी येते. अर्ध्याहून अधिक मजकूर तारा, पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर, लाकडाचा जाडपणा आणि दांडीचा बाक यांनी व्यापलेला असतो. उरलेल्यात कोणाच्या साथीला कोण होता, कोणी किती पैसे बुडवले, कोणत्या क्लबात रात्री किती वाजेपर्यंत वाजवावे लागले, याच्या हकीकती येतात. संगीताविषयीची निष्ठा, तडजोड, स्वाभिमान हे जे विषय अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावेत, त्यांच्यावर एखाददुसरे वाक्य येते आणि बोलणे पुन्हा तारांकडे वळते. त्यामुळे हे वाङ्मय म्हणजे कारागिरांच्या फावल्या वेळच्या गप्पा, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज अपुरा आहे. या वादकांच्या बोलण्यात निष्ठेचा विचार तारांच्या विचारातूनच होत असतो. तो वेगळा काढून पाहू गेल्यास काहीच हाती लागत नाही.

या दृष्टीने वाद्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. नृत्यवृंदांत आणि जाझमध्ये खर्जाचे काम पूर्वी डबल बास हे पुरुषभर उंचीचे, पडदे नसलेले वाद्य करीत असे. तुताऱ्या, ढोल आणि विजेवर चालणारी गिटार यांच्या गलबल्यात ते ऐकू येत नसे. शिवाय एका गावाहून दुसऱ्या गावी ते नेणे हा एक स्वतंत्र उद्योगच होता. सिएटल येथील पॉल टटमार्क याने १९३० च्या दशकात विजेवर चालणारे, पडदे असलेले आणि आडवे धरून वाजवायचे बास वाद्य करून पाहिले होते. पण प्रसार झाला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या वाद्याचा. त्याचे नाव ‘प्रिसिजन’ असे ठेवण्यात आले. दांडीवर पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, एवढाच त्या नावाचा आशय होता. चौतीस इंचांची तार, ई-ए-डी-जी अशा चार तारा, तळचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. फेंडर स्वतः वादक नव्हता, तो रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. आणि त्याने सोडवलेली अडचण संगीताची नसून धंद्याची होती. वाहतूक, आवाज आणि बेसूरपणा या तीन तक्रारींचे ते एकत्र उत्तर होते. ज्या वाद्याचा जन्मच उपजीविकेच्या सोयीसाठी झाला, त्याच्या वादकांनी उपजीविका आणि कला यांच्यात भिंत न बांधल्यास नवल नाही. लायनेल हॅम्प्टनच्या वृंदात मंक माँटगॉमेरी याने हे वाद्य हाती घेतले तेव्हा डबल बास वाजवणाऱ्यांत त्याची प्रतिष्ठा बेताचीच होती, हेही येथे ध्यानात ठेवावे. नव्या वाद्यावर बसलेला हलकेपणाचा शिक्का पुसण्याची धडपड पुढील दोन पिढ्यांच्या बोलण्यात जाणवत राहते.

या सर्व बोलण्याच्या केंद्रस्थानी एक मनुष्य आहे, जो स्वतः फारसा बोललाच नाही. जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) हा साउथ कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर जन्मलेला आणि डेट्रॉइट येथे शाळेत डबल बास शिकलेला वादक. बेरी गॉर्डी याने १९५९ मध्ये स्थापन केलेल्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका-संस्थेच्या बहुतेक गाजलेल्या गीतांतील खर्ज त्याचा आहे. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरील एका घराच्या तळाशी असलेल्या खोलीत ही ध्वनिमुद्रणे होत. छतावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारांमुळे तिला वादकांनी ‘स्नेकपिट’, म्हणजे सापांचा खड्डा, असे नाव दिले होते. जेमरसनचे चरित्र, स्वरलेखने आणि त्याच्याविषयी इतर वादकांनी सांगितलेल्या आठवणी अ‍ॅलन स्लट्स्की याने ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ या १९८९ च्या ग्रंथात एकत्र केल्या. त्याच नावाचा चित्रपट २००२ मध्ये निघाला. ग्रंथाबरोबर ज्या ध्वनिफिती दिल्या होत्या, त्यांत अनेक नामांकित बासवादक जेमरसनविषयी बोलतात आणि त्याच्या ओळी वाजवून दाखवतात. वादकांच्या बोलण्याचे इतके संपन्न संकलन दुसरे क्वचितच सापडेल. म्हणून त्याचीच परीक्षा आधी करणे योग्य ठरेल.

जेमरसनविषयी वादक काय सांगतात? त्याचे वाद्य १९६२ सालचे प्रिसिजन होते. त्यावर सपाट पट्टीने गुंडाळलेल्या जाड तारा असत आणि त्या तुटेपर्यंत तो बदलत नसे. तारांवर साचलेल्या मळातच त्या आवाजाचे रहस्य आहे, अशी त्याची समजूत होती. घोडीवरील झाकणाखाली स्पंजाचा तुकडा असे, त्यामुळे स्वर उमटताच दबे. तारा दांडीपासून इतक्या उंच असत, की दुसऱ्याला ते वाद्य वाजवणे जड जाई. उजव्या हाताचे केवळ एक बोट, तर्जनी, तो वापरी. ही सवय डबल बासची. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाद्याची तार सरळ मुद्रणयंत्राला जोडलेली असे. हे सारे तपशील ग्रंथात इतक्या बारकाईने आले आहेत, की एखाद्या तीर्थक्षेत्राच्या माहात्म्यात कुंडांची आणि पायऱ्यांची गणती यावी तसे ते वाचताना वाटते.

परंतु या तपशिलांचा परस्परसंबंध लावून पाहिला पाहिजे. जुन्या तारा, स्पंज आणि एकच बोट या तिन्हींचा परिणाम एकच होतो : स्वर आखूड होतो. आखूड स्वराला जागा कमी लागते. जागा उरली म्हणजे त्या जागेत दुसरा स्वर, अर्धस्वराने सरकणारा उपस्वर, तालाच्या ऐन मात्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे टाकता येतो आणि तरीही गाणाऱ्याच्या शब्दावर सावली पडत नाही. १९६७ च्या ‘बर्नडेट’ या गीतात किंवा मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांच्या त्याच वर्षीच्या ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’मध्ये खर्जाची ओळ एका जागी ठरत नाही, ती जवळजवळ दुसरे गाणे गाते आणि तरीही मूळ गाण्याला कोठे धक्का लागत नाही. उतरत्या सुरावटीत मोकळी तार मधेच छेडून हात हलवायला फुरसत काढायची, ही त्याची युक्ती स्लट्स्कीने स्वरलेखनात अचूक टिपली आहे. तेव्हा मळलेल्या तारांचा आग्रह हे निव्वळ वेड नव्हते. गायकाच्या वाटेत न येता भरपूर बोलण्याची ती तजवीज होती. याउलट १९६४ च्या ‘माय गर्ल’ या गीताचा आरंभ पाहावा. षड्ज आणि त्याखालचा पंचम, दोनच स्वर, आणि त्यांच्यामधली शांतता. ज्याला ‘बर्नडेट’ वाजवता येते त्याने ‘माय गर्ल’मध्ये दोन स्वरांवर थांबावे, याला संयम म्हणावे की समज, यावर मतभेद होऊ शकेल, पण वादक आपसांत ज्याला सांगीतिक प्रामाणिकपणा म्हणतात तो या दोन गीतांच्या मधल्या अंतरात दिसतो.

मराठीत या गुणाला नाव देताना एक अडचण उपस्थित होते आणि ती उद्बोधक आहे. ‘निष्ठा’ हा शब्द भक्ताचा आहे, त्याला दैवत लागते. ‘सचोटी’ हा शब्द व्यवहारातला आहे. तो वाण्याला, सोनाराला, शिंप्याला लागू पडतो. माप पुरते घालणे, कस खोटा न सांगणे, ठरल्या दिवशी काम देणे हा त्याचा अर्थ. कलाविचारात आपण सवयीने पहिला शब्द वापरतो. बासवादकांचे बोलणे मात्र दुसऱ्या शब्दाने अधिक उलगडते. वेळेवर येणे, वाद्य सुरात असणे, गाण्याला हवे तेवढेच देणे पण जे द्यायचे ते निकृष्ट न देणे, बरोबरच्या ढोलवादकाला उघडे न पाडणे, अशा गोष्टींवर त्यांचा कटाक्ष असतो. दैवताचा उल्लेख क्वचित.

या ठिकाणी समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर याच्या प्रतिपादनाचा विचार करणे प्राप्त आहे, कारण वादकांच्या बोलण्याला अभ्यासविषय करणारा तो आद्य लेखकांपैकी एक होय. तो स्वतः शिकागोच्या मद्यगृहांत पियानो वाजवीत असे. नृत्यसंगीत वाजवणाऱ्यांविषयीचा त्याचा निबंध १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे १९६३ च्या ‘आउटसायडर्स’ या ग्रंथात त्या विषयाने दोन प्रकरणे व्यापली. बेकरच्या मते वादकांच्या जगात दोन टोके असतात. एकीकडे जाझनिष्ठ, जो श्रोत्याच्या आवडीस भीक घालत नाही आणि उपाशी राहतो; दुसरीकडे धंदेवाईक, जो श्रोत्याला हवे ते वाजवतो आणि आपल्याच बिरादरीत मान गमावतो. बहुतेक वादक या दोहोंमध्ये हेलकावे खातात. श्रोत्यांना हे वादक एका तुच्छतादर्शक शब्दाने संबोधतात; त्याचा अक्षरशः अर्थ ‘चौकोनी’ असा होतो. बेकरचे निरीक्षण तीक्ष्ण आहे. वादकांच्या बैठकींतील बढाई, तक्रार आणि थट्टा त्याने जशीच्या तशी पकडली आहे, यात संशय नाही.

तथापि हा द्वैताचा आराखडा जेमरसनसारख्या वादकाला बसत नाही. तो दिवसा मोटाउनच्या खोलीत अत्यंत धंदेवाईक संगीत वाजवी, रात्री डेट्रॉइटच्या क्लबांत जाझ. बेकरच्या हिशोबाने दिवस म्हणजे तडजोड आणि रात्र म्हणजे निष्ठा. पण ऐकणाऱ्याचा अनुभव उलटा आहे. त्याचे जे वादन पुढील पिढ्यांनी आदर्श मानले ते दिवसाचे आहे. तीन मिनिटांच्या, किशोरवयीन गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या गीतांत त्याने जाझचे सारे शिक्षण ओतले आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. बेकरच्या वादकाची सचोटी नकारातून प्रकट होते : अमुक वाजवणार नाही, अमुक ठिकाणी जाणार नाही. साथीदाराला नकाराची चैन परवडत नाही, आणि त्याला तिची गरजही नसते. काम स्वीकारल्यानंतर त्या कामात तो किती घालतो, ही त्याची कसोटी. गायकाच्या किंवा एकल वादकाच्या नमुन्यावर बेतलेले सिद्धांत साथीदाराला लावले की ते कसे अपुरे पडतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

अर्थात याचा अर्थ पैशाचा प्रश्न गौण होता असा नव्हे. मोटाउनच्या वादकांची नावे बराच काळ वेष्टनांवर छापली जात नसत. बाहेर काम करण्याची मनाई होती. तरी वादक गुपचूप शिकागोला जाऊन वाजवून येत, आणि जॅकी विल्सनच्या १९६७ च्या ‘हायर अँड हायर’ या गीतात डेट्रॉइटचाच तो ठेका आज कोणालाही ओळखता येतो. नियमाच्या दृष्टीने ही लबाडी होती. वादकांच्या बोलण्यात मात्र ती लबाडी म्हणून येत नाही, ती न्याय्य वाटणीची हकीकत म्हणून आणि बहुधा हसत हसत येते. सचोटीचा त्यांचा नियम मालकाच्या कराराहून वेगळ्या ठिकाणी उभा होता, हे येथे ध्यानात येते. १९७१ मध्ये मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नावे आली आणि जेमरसनच्या नावामागे ‘अतुलनीय’ या अर्थाचे विशेषण लागले. पुढल्याच वर्षी संस्थेने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. जेमरसन मागाहून तिकडे गेला. पण तेथील पद्धत, नवा आवाज आणि स्वतःचे मद्यपान या तिघांशी त्याचे जमले नाही. नव्या तारा लावण्याचा आग्रह आला तरी त्याने तारा बदलल्या नाहीत. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविसाव्या वर्षाचा दूरचित्रवाणी-सोहळा झाला, तेव्हा तो तिकीट काढून वरच्या सज्जात बसला होता, असे स्लट्स्की लिहितो. त्याच वर्षी २ ऑगस्टला तो वारला. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याचे वाद्य चोरीस गेले होते; ते मिळालेले नाही.

येथे स्लट्स्कीच्या ग्रंथाचे गुण आणि दोष एकत्रच दिसू लागतात. स्वरलेखन हा त्याचा सर्वोत्तम भाग. एका वादकाने दुसऱ्याचे ऋण फेडण्याची यापेक्षा चांगली रीत नाही. उपेक्षितांची नावे त्याने उजेडात आणली, आणि २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने जेमरसनचा साथीदार म्हणून गौरव केला त्यामागे या ग्रंथाने तयार केलेले वातावरण होते, असे मानण्यास जागा आहे. पण चरित्राचा भाग जसजसा पुढे सरकतो तसतसा तो हुतात्म्याच्या पोथीचे रूप धारण करतो. दारू, संस्थेचे दुर्लक्ष, बदललेला काळ हे सारे एकाच शोकांतिकेच्या सूत्रात ओवले जाते आणि मग जेमरसनने स्वतः केलेल्या निवडी दिसेनाशा होतात. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे शीर्षकगीत त्याने जमिनीवर पडून वाजवले, कारण त्याला बसवत नव्हते, ही आख्यायिका ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाली. ती खरी असो वा अतिरंजित. तिच्यामुळे श्रोता त्या ओळीतील विचार ऐकण्याऐवजी तिच्यामागचा चमत्कार ऐकू लागतो, ही हानी लहान नाही.

याच पोथीनिष्ठेतून पुढे जुन्या तारांचे स्तोम माजले. जेमरसनच्याच बनावटीच्या तारा, तसाच स्पंज, त्याच सालचे वाद्य गोळा करण्याची हौस वादकांत पसरली. परस्परांशी बोलताना अशी सामग्री असणे हेच सचोटीचे प्रमाणपत्र मानले जाऊ लागले. साधनाचे कारण विसरले की साधन अवशेष होते. स्वर आखूड करण्यामागे जो हिशोब होता तो ज्याला समजला, त्याला स्पंज कोणत्या कंपनीचा याने फरक पडत नाही. आणि ज्याला समजला नाही, त्याच्या मळक्या तारा केवळ मळक्या राहतात. इतके म्हटल्यावरही या छंदाची सरसकट चेष्टा करणे रास्त होणार नाही. बहुतेक वादकांपाशी आपल्या कलेविषयी बोलायला दुसरी परिभाषा नसते. विद्यापीठीय संज्ञा त्यांना परक्या, आणि भावनेची भाषा त्यांना संकोचाची. तारेविषयी बोलताना ते स्वरविचारच बोलतात. काही वेळा मात्र बोलता बोलता विचार निसटतो आणि तार तेवढी हातात राहते.

१९८५ मध्ये ‘मॉडर्न इलेक्ट्रिक बास’ ही शिकवणीची ध्वनिचित्रफीत निघाली. तीत जेरी जेमट आणि जाको पास्टोरियस हे दोन बासवादक समोरासमोर बसून बोलतात. जेमट हा बी. बी. किंगच्या १९६९ च्या ‘द थ्रिल इज गॉन’मधील खर्जाचा धनी, पास्टोरियस वयाने लहान, पण कीर्तीने कितीतरी मोठा. त्याने जेमटचे ऋण वारंवार मान्य केले होते. म्हणजे येथे गुरू मुलाखतकार आहे आणि शिष्य मुलाखत देतो आहे. या विचित्र रचनेमुळेच ही फीत एखाद्या लहानशा नाट्यप्रवेशासारखी वाटते. पास्टोरियसने १९६२ च्या जाझ बासचे पडदे काढून त्या जागा भरून घेतल्या होत्या आणि दांडीवर नावांना लावतात तसल्या राळेचा लेप दिला होता. गोल तारेने गुंडाळलेल्या तारा लाकूड खातात, म्हणून लेप. आणि त्या तारांशिवाय तो गाणारा, ओढ असलेला स्वर मिळत नाही, म्हणून तारा. जेमरसनने स्वर आखूड केला, पास्टोरियसने तो लांबवला. साधनांची दिशा उलटी, पण साधनामागे हिशोब असण्याची रीत तीच.

त्या संभाषणाच्या आरंभी जेमट मोठ्या आदराने विचारतो, की तू वाद्याचा चेहरामोहरा पालटलास, या श्रेयाविषयी तुला काय वाटते? पास्टोरियस हसून श्रेय बाजूला सारतो आणि आपल्याला काम द्या एवढेच म्हणतो. पाहणारे या विनोदावर हसतात. परंतु १९८५ पर्यंत त्याच्या मानसिक व्याधीने आणि मद्याने त्याच्याशी काम करायला लोक कचरू लागले होते; पुढील वर्षी त्याचे ते वाद्य न्यूयॉर्कमध्ये नाहीसे झाले आणि १९८७ च्या सप्टेंबरात फोर्ट लॉडरडेल येथे, क्लबाच्या दारावर झालेल्या मारहाणीनंतर, तो पस्तिसाव्या वर्षी वारला. (वाद्य वीसएक वर्षांनी न्यूयॉर्कमध्येच सापडले.) हे ज्ञान मनाशी ठेवून फीत पाहिली, की त्या विनोदातील मागणी खरी होती हे उमगते. श्रेय आणि काम यांतील फरक इतक्या थोड्या शब्दांत कोणी मांडला नसेल. तरीही या फितीविषयी एक आक्षेप नोंदवावा लागतो. जेमट आदरापोटी कोठेही प्रतिप्रश्न करीत नाही. पास्टोरियस बोटांच्या व्यायामाविषयी बोलतो, मोठमोठ्या वादकांची नावे घेतो, मग वाजवू लागतो, आणि वाजवणे इतके दिपवणारे असते की बोलणे अपुरे राहिल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन समव्यवसायी बोलू लागले म्हणजे बाहेरच्या माणसाला न मिळणारे काही मिळते, हे खरे. पण बिरादरीचा संकोच त्यांच्यातही असतो.

संकोचाचा अभाव हा कॅरल के या वादिकेच्या कथनाचा विशेष. १९३५ मध्ये जन्मलेली ही स्त्री १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या क्लबांत जाझ गिटार वाजवीत असे. मुले आणि आई यांना पोसायचे म्हणून ती ध्वनिमुद्रणाच्या कामाकडे वळली. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बासवादक आला नाही म्हणून तिच्या हाती बास गिटार आली आणि ती कायमची तिची झाली. ती नखीने वाजवी, तारांवर नमद्याचा तुकडा ठेवी. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’पासून ग्लेन कॅम्पबेलच्या १९६८ च्या ‘विचिटा लाइनमन’पर्यंत असंख्य ध्वनिमुद्रिकांत तिचे वादन आहे. सनी आणि शेर यांच्या १९६७ च्या ‘द बीट गोज ऑन’ या गीताची जी खर्जाची आकृती सर्वांच्या लक्षात राहिली, ती ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपण सुचवली, असे ती सांगते. त्या आकृतीखेरीज त्या गीतात फारसे काही नाही, हे कोणीही ऐकून ठरवावे. तिला मिळाले ते ठरलेल्या तासांचे ठरलेले वेतन. याबद्दल तिच्या बोलण्यात कडवटपणा तितकासा नाही. गाणे चांगले वेतन देई आणि काम भरपूर होते, असा तिचा हिशोब असतो. कडवटपणा येतो तो नावांच्या बाबतीत. ढोलवादक हॅल ब्लेन याने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींमुळे त्या वादकसमूहाला ‘रेकिंग क्रू’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्या काळी असे नाव कोणी वापरत नव्हते, असे के आग्रहाने सांगत आली. आणि २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमने तिची निवड केली तेव्हा तिने तो मान नाकारला, त्याच्या कारणांतही हे नाव होते. आयुष्यभर काम नाकारण्याची सोय नसलेल्या साथीदाराने नव्वदाव्या वर्षी नकार दिला, तोही मानाला.

पण तिच्या कथनाने एक बिकट प्रश्नही उभा केला आहे. मोटाउनची काही गाजलेली गीते, उदाहरणार्थ स्टीव्ही वंडरचे १९६७ चे ‘आय वॉज मेड टु लव्ह हर’, आपण लॉस एंजेलिसमध्ये वाजवली, असे तिचे म्हणणे. ती जेमरसनचीच आहेत, असे स्लट्स्की आणि डेट्रॉइटच्या वादकांचे म्हणणे. मोटाउन त्या काळात लॉस एंजेलिसमध्येही ध्वनिमुद्रण करीत असे आणि के त्यांच्यासाठी काम करी, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद विशिष्ट गीतांपुरता आहे. हा वाद व्यक्तींच्या प्रामाणिकपणाचा म्हणून लढवला गेला, आणि त्यात पुष्कळ अशोभनीय शब्दही वापरले गेले. खरे पाहता तो साधनांच्या अभावाचा वाद आहे. वेष्टनावर नावे न छापण्याची जी पद्धत, तिचे हे फळ. दिवसाला तीन-तीन ध्वनिमुद्रणे, गाणाऱ्याचा आवाज नंतर भरलेला, गीताचे नावही कित्येकदा वादकाला ठाऊक नसलेले. अशा स्थितीत वीस वर्षांनी स्मृतीवर विसंबून दिलेली साक्ष कोणाचीही असली तरी तपासूनच घ्यावी लागेल. आणि तपासाचे साधन पुन्हा तेच ठरते, ज्याला आरंभी क्षुल्लक म्हटले : नखी की बोट, नमदा की स्पंज, उतरताना मोकळी तार छेडली आहे की नाही. वादग्रस्त गीताच्या खर्जात एका बोटाची ओढ आणि मोकळ्या तारांचा उपयोग ऐकू येतो, असे डेट्रॉइटच्या बाजूचे प्रतिपादन आहे, आणि उपलब्ध पुराव्यात ते अधिक सबळ वाटते. मात्र याच कसोटीने के हिची लॉस एंजेलिसमधील निर्विवाद कामगिरीही तितक्याच स्पष्टपणे सिद्ध होते, हे वादाच्या धुरळ्यात सांगायचे राहून गेले.

मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांना ही स्थिती परिचित वाटेल. तेथील वाद्यवृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांचा भरणा होता. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक स्वरलेखन करीत, आणि पडद्यावर नाव येई ते संगीत-दिग्दर्शकाचे. ग्रेगरी बूथ याने ‘बिहाइंड द कर्टन’ या २००८ च्या ग्रंथात या वादकांना बोलते केले, तेव्हा तेथेही प्रथम वाद्ये, मग मेहनताना, मग कोणत्या गीतात कोण होते हा वाद, असाच क्रम लागला. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ यांचे वादन लाखो लोकांनी ऐकले. नाव जाणकारांनाच माहीत. मुंबईत एक फरक होता. ताल तबला-ढोलकीकडे असल्यामुळे बास गिटारला डेट्रॉइटसारखे स्वातंत्र्य क्वचित मिळे, आणि मिळाले तेव्हा ते बहुधा गीताच्या प्रारंभीच्या तुकड्यात किंवा अंतऱ्यामधील जागेत मिळे. या तुकड्यांत कोणत्या तारा होत्या, वाद्य कोठून आणले, ते नखीने वाजवले की बोटाने, हे विचारणारा अभ्यासक ‘ती ओळ कोणी रचली’ या प्रश्नापर्यंत पोहोचेल. आरंभीच हा दुसरा प्रश्न विचारला, तर संगीत-दिग्दर्शकाच्या आदरापोटी वादक गप्प बसतो.